चिठ्ठीशिवाय औषध न देणारं जनावरांचं मेडिकल – ५ पैकी साडेचार स्टार

आमच्या तालुक्याला बाजार समितीच्या समोरच्या ओळीत जे जनावरांचं मेडिकल आहे त्याच्याबद्दल लिहितेय, कारण त्याला लोकांनी एक-एक स्टार देऊन ठेवलेत आणि कारण काय तर म्हणे "चिठ्ठीशिवाय देत नाहीत, नखरे करतात". अहो नखरे नाहीत ते, कायदा आहे तसा. खोक्यावर लाल रेघ आणि आरएक्स छापलेलं असतं ना, ते शेड्यूल एचचं औषध, ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचं असतं, आणि चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, औषध किती आणि डोस किती हे तर पाहिजेच, पण जनावराचं असेल तर मालकाचं नाव-पत्ताही पाहिजे. काउंटरवरच्या मॅडम हे सगळं वाचून बघतात, नसेल तर परत पाठवतात, आणि एकदा दिलेल्या चिठ्ठीवर पुन्हा तेच औषध देत नाहीत, डॉक्टरने तसं लिहिलं असेल तरच देतात.

आम्ही घरी चार-सहा गाई सांभाळतो, दूध डेअरीला घालतो, त्यामुळे मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट सांगते. एका गाईला दगडी, म्हणजे कासेला सूज झाली होती, सड गरम, दुधात गाठी, डॉक्टरांनी सडात सोडायच्या ट्यूबा लिहून दिल्या. मॅडमनी ट्यूबा देताना खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून दिलं की शेवटच्या ट्यूबेनंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही. कंपनीने ते दिवस छापलेले असतात पण इतकं बारीक की चष्मा लावून पण दिसत नाही. आणि छापलेलेच नसतील तर नियमाने दुधाला आणि अंड्याला कमीत कमी ७ दिवस, मटणाला २८ दिवस थांबायचं, हा नियम २०१२ पासून आहे. मला हे आधी कोणत्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं!! ते दूध कुणाच्या तरी घरी लहान पोराच्या कपात जातं हो, अँटिबायोटिक तसंच पोटात गेलं की जंतू औषधाला दाद देत नाहीत, मग माणसाला पण ते औषध चालत नाही आणि गाईला पण नाही. आमचं आठवडाभराचं दूध गेलं, नुकसान झालंच, ते मी नाकारत नाही, पण तरी हेच बरोबर आहे.

दुसरं, डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्या-सुजेवरचं औषध. जनावर लंगडलं, ताप आला की अजूनही लोक सवयीने तेच मागतात, मी उभी असताना एक दादा मागत होते. मॅडम म्हणाल्या, "दादा, जनावरासाठी ते २००६ लाच बंद झालंय, गिधाडं संपली त्याने." मेलेल्या जनावराच्या अंगात ते औषध उरतं, गिधाडाने मांस खाल्लं की त्याची किडनी बंद पडते. लोक मग माणसाच्या औषधाची मोठी बाटली आणून जनावराला टोचायचे, म्हणून २०१५ ला माणसाचं इंजेक्शन पण ३ एमएलच्या एका डोसातच विकायचं असं केलं. २०२३ ला एसीक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही तसलीच औषधं पण जनावरांसाठी बंद झाली. त्या दादांना डॉक्टरला विचारून मेलॉक्सिकॅम घ्या असं सांगितलं, ते गिधाडाला चालतं आणि गुण पण येतो. आमच्या लहानपणी ओढ्याच्या पलीकडे ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, आता पोरांना चित्रात दाखवावी लागतात, म्हणून हा विषय निघाला की माझा जीव तुटतो.

पान्हा सोडायचं इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, इथे मागायच्या भानगडीत पडूच नका. गाईला त्रास होईल असं काही टोचून दूध काढणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याने गुन्हा आहे. शेजारच्या एका गावात किराणा दुकानात मिळतं म्हणे, तसल्या ठिकाणाहून आणणाऱ्यांना मी तोंडावर बोलते.

अर्धा स्टार कापला तो रविवारचा. रविवारी दुकान बंद, आणि जनावर तर वार बघून आजारी पडत नाही. निदान सकाळी दोन तास तरी उघडं ठेवा मॅडम, कळकळीची विनंती आहे. डिस्काउंट पण नाही, एमआरपीलाच, पण पक्कं बिल देतात त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते, आणि लस फ्रीजमधून काढून बर्फात घालून देतात, फडक्यात गुंडाळून नाही.

जाताना सरकारी दवाखान्यातली चिठ्ठी सोबत घ्या, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. डॉक्टर मिळत नसेल तर १९६२ ला फोन लावा, फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, फुकट लागतो. आणि बाजाराच्या दिवशी दुपारच्या आत जा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.