पायरी ओळखायला लावणारा वाडा : क्योतोच्या निजो किल्ल्याची गाइडेड टूर

क्योतोत सामुराईच्या नावावर बरेच काही विकले जाते. कोणी तासाभरात तलवार धरायला शिकवतो, तर कोणी भाड्याचे चिलखत चढवून फोटो काढून देतो. आम्ही चौघांनी त्यातल्या त्यात अभ्यासू वाटलेली सेवा निवडली. ती होती निजो किल्ल्याची दोन तासांची, दहा जणांच्या गटाची, इंग्रजीतून चालणारी गाइडेड टूर. माणशी साडेसहा हजार येन आणि किल्ल्याचे तिकीट वेगळे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण थोड्याफार फरकाने याच धाटणीच्या टूर इतरही चालवतात आणि खाली लिहिलेले गुणदोष निवड करताना कोणालाही उपयोगी पडावेत.

सुरुवात निराशाजनक झाली. दोन तासांतली जवळजवळ पस्तीस मिनिटे किल्ल्याबाहेर, कंपनीच्या छोट्याशा कार्यालयात गेली. तेथे प्रत्येकाच्या डोक्यावर शिंगांचे शिरस्त्राण ठेवून फोटो काढण्यात आले, लाकडी तलवारीचे दोन हात शिकवण्यात आले आणि निन्जांच्या, म्हणजे जुन्या जपानी हेरांच्या सुरस कथा सांगण्यात आल्या. गटातली लहान मुले खूश होती, हे मान्य करायला हवे. पण जो किल्ला पाहायला आम्ही आलो होतो, तो कोणी, कशासाठी आणि कोणाच्या डोळ्यांसमोर उभारला, याबद्दल एक वाक्यही या अर्ध्या तासात आले नाही.

वास्तविक तेवढे सांगायला दहा मिनिटे पुरली असती. १६०० साली सेकिगाहाराची लढाई जिंकल्यावर तोकुगावा इएयासु हा जपानमधला सर्वांत बलाढ्य सरदार झाला. १६०३ मध्ये सम्राटाने त्याला शोगुन, म्हणजे सरसेनापती नेमले आणि त्याच वर्षी निजो किल्ला वापरात आला. इएयासुची खरी सत्ता दूर पूर्वेला एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत होती. सम्राट मात्र क्योतोतच राहत असे. त्याच्या राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या जागी स्वतःचा किल्ला बांधणे हे शोगुनच्या दृष्टीने मुक्कामाची सोय तर होतेच, पण ती एक मूक ताकीदही होती. मराठी वाचकाला हे नाते समजायला फार कष्ट पडू नयेत. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून छत्रपतींकडून येत आणि कारभार पुण्यातून चाले, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. साम्य अर्थातच तेवढ्यापुरतेच. जपानमध्ये लष्करी सरदारांच्या राज्याची ही रीत बाराव्या शतकाच्या अखेरीस कामाकुरात सुरू झाली होती आणि तोकुगावा हे तिसरे शोगुन घराणे होते.

किल्ल्यात शिरल्यावर मात्र टूरचा आणि आमच्या गाइडबाईंचाही सूर एकदम बदलला. निनोमारू हा इथला मुख्य वाडा. पादत्राणे बाहेर काढून आत गेले की पहिली येते ती तोझामुराई, म्हणजे भेटीला आलेल्या सरदारांना ताटकळत बसवण्याची जागा. तिच्या सोनेरी भिंतींवर बांबूच्या बनातले वाघ आहेत आणि त्यांच्या सोबतीला बिबटे. जपानमध्ये वाघ नाहीत. चित्रकारांनी ते बाहेरून आलेली कातडी आणि चित्रे पाहून रंगवले आणि बिबट्या म्हणजे वाघाची मादी असे धरून चालले. गाइडबाईंनी आम्हाला हे हसत हसत सांगितले आणि लगेच विचारले, “पण तुम्हाला इथे दोन तास बसवले आणि कोणी पाणीही विचारले नाही, तर हे वाघ तुम्हाला हसण्यासारखे वाटतील का?” टूरचे पैसे वसूल व्हायला इथून सुरुवात झाली.

निनोमारूच्या सहा इमारती एकाच रांगेत नाहीत. उडणाऱ्या हंसांच्या थव्यासारख्या त्या तिरक्या, एकीमागे एक सरकत जातात. कोणता माणूस त्यांतल्या कितव्या इमारतीपर्यंत पोहोचणार, हे त्याच्या दर्जावर ठरलेले असे. सेकिगाहारानंतर तोकुगावांच्या छत्राखाली आलेले ‘तोझामा’ सरदार ओहिरोमा या मोठ्या दरबारापर्यंत येत. आधीपासून घराण्याशी इमान राखून असलेल्यांची भेट त्याच्याही आत, कुरोशोइनमध्ये होई. शिरोशोइन हे शोगुनचे खासगी दालन होते. आपल्याकडे ‘पायरी ओळखून वागावे’ असे म्हणतात. इथे ती पायरी सुताराने खरोखरीच बांधून ठेवली आहे.

ओहिरोमापाशी गाइडबाईंनी जे केले, त्यासाठी मी या सेवेची शिफारस करतो. दालनात पाऊल टाकता येत नाही, सगळे काही कडेच्या लाकडी ओसरीवरून पाहावे लागते. त्यांनी आम्हाला तिथेच गुडघ्यांवर बसायला लावले आणि नजर जमिनीपासून हातभर उंचीवर आणून पुढे बघा म्हणाल्या. उभ्याने पाहताना जी एक किरकोळ पायरी वाटली होती, ती त्या उंचीवरून काळ्या लाखेच्या ठसठशीत रेघेसारखी दिसू लागली. खालच्या दालनात ४४ तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड चटया, आणि पायरीपलीकडच्या शोगुनच्या दालनात ४८. त्याच्या आसनावरचे छतही दोनदा कमान घेत उंचावलेले आणि मागच्या सोनेरी भिंतीवर एक अवाढव्य पाइन वृक्ष, ज्याच्या फांद्या चौकटी ओलांडून पसरत जातात. ही चित्रे कानो घराण्यातल्या तान्यू या चित्रकाराच्या नावावर आहेत आणि १६२६ च्या सुमारास ती रंगवली गेली तेव्हा तो पंचविशीच्या आतबाहेर होता. बाजूला लाल गोंडे लावलेली नक्षीदार दारे दिसतात, त्यांच्यामागे अंगरक्षक सज्ज असत असे सांगतात. त्या पाइनखाली बसलेल्या माणसासमोर वाकलेल्या सरदाराला वेगळ्या धमकीची गरज नव्हती.

१६२६ चे महत्त्वही इथेच नीट सांगितले गेले. तिसरा शोगुन इएमित्सु आणि त्याचे वडील हिदेतादा यांनी त्या वर्षी सम्राट गो-मिझुनोओ यांना पाच दिवस या किल्ल्यात पाहुणे म्हणून ठेवले आणि त्यासाठी सारा वाडा नव्याने सजवला. सम्राटाची पत्नी ही हिदेतादाचीच मुलगी. १६२० मध्ये तिची वरात याच किल्ल्यातून निघाली होती. जावयाचे असे कौतुक करणाऱ्या याच राजवटीने १६१५ पासून सरदारांना कायद्याने बांधले, परवानगीशिवाय किल्ल्याची डागडुजी करायलाही बंदी घातली आणि १६३५ मध्ये एक वर्षाआड एदोला राहण्याची सक्ती लादली. सरदार आपल्या मुलखात परतला तरी त्याची बायकामुले एदोतच राहत. ओलिसांना ओलीस न म्हणण्याची ही पद्धत होती.

आता तक्रारीचा दुसरा मुद्दा. वाड्याची ओसरी चालताना पक्ष्यासारखी चिवचिवते, म्हणून तिला बुलबुल-जमीन म्हणतात. आमच्या गाइडबाईंनी, बहुधा कंपनीच्या संहितेला धरून, ही निन्जांना पकडण्याची युक्ती असल्याचे ठासून सांगितले. फळ्यांखाली लोखंडी पकडी आहेत आणि खिळे त्यांच्यावर घासून हा आवाज होतो, इथपर्यंत ठीक आहे. पण वापराने झिजत गेल्यामुळे हा आवाज येऊ लागला, तो मुद्दाम योजलेला नव्हता, असे खुद्द किल्ल्यातला माहितीफलक सांगतो. इतकी जाणती बाई दोन मिनिटांपूर्वी एका पायरीवरून लष्करी राजवट उलगडून दाखवते आणि मग त्या फलकाशेजारून निन्जाची गोष्ट सांगत पुढे जाते, हे पाहून वाईट वाटले.

सुरुवातीला वाया गेलेल्या वेळेची किंमत शेवटी मोजावी लागली. रोजू, म्हणजे शोगुनच्या ज्येष्ठ मंत्र्यांच्या खोल्या आम्ही जवळजवळ धावत पार केल्या. तिथे सोन्याचा भपका नाही. शेतात उतरलेले हंस, बर्फातला बगळा, साधे छत. राज्य प्रत्यक्षात चालवणाऱ्यांची जागा इतकी साधी का, हा प्रश्न मनात येईपर्यंत गट पुढे गेला होता. कुरोशोइनमधल्या चेरीच्या फुलांना आणि शिरोशोइनच्या शाईतल्या निसर्गचित्रांना मिळून तीन-चार मिनिटे मिळाली असतील.

शेवट मात्र नेटका झाला. १६३४ मध्ये इएमित्सु तीन लाखांहून अधिक माणसांचा लवाजमा घेऊन क्योतोत आला होता. त्यानंतर १८६३ पर्यंत, म्हणजे २२९ वर्षे, एकाही शोगुनने या किल्ल्यात पाय ठेवला नाही. मधल्या काळात पाचमजली बुरूज १७५० मध्ये वीज पडून आणि होनमारू या किल्ल्याच्या आतल्या भागातला वाडा १७८८ च्या आगीत गेला. मग नोव्हेंबर १८६७ मध्ये पंधराव्या शोगुनने, योशिनोबुने, आम्ही गुडघ्यांवर बसून पाहिले त्याच ओहिरोमात सरदारांच्या प्रतिनिधींना बोलावून सत्ता सम्राटाला परत करत असल्याचे जाहीर केले. पुढे किल्ला राजघराण्याकडे गेला. त्यामुळे तोकुगावांच्या तीन पानांच्या चिन्हाऐवजी महाद्वारावर आज सोळा पाकळ्यांची शेवंती दिसते. गाइडबाईंनी ती बोटाने दाखवली आणि तिथेच टूर संपवली.

पैशांचा हिशेब करायचा तर मुलांबरोबर जाणाऱ्यांना ही टूर आवडेल. इतिहासासाठी जाणाऱ्यांनी नोंदणी करण्याआधी विचारून घ्यावे, की दोन तासांतला किती वेळ प्रत्यक्ष निनोमारूत जाईल; उत्तर सव्वा तासापेक्षा कमी असेल तर दुसरी टूर शोधावी. आत फोटो काढायला परवानगी नाही आणि थंडीत अनवाणी चालणे अवघड जाते, म्हणून जाड पायमोजे जवळ ठेवावेत. दालनांत आज दिसणारी बरीच चित्रे प्रतिकृती आहेत. मूळ चित्रे आवारातल्या संग्रहदालनात पाळीपाळीने मांडतात. आमच्या टूरमध्ये ते नव्हते, पण चुकवू नये.

मी दुसऱ्या दिवशी पावणेनऊला, दरवाजा उघडताच, एकटा पुन्हा गेलो. वाड्यात जेमतेम सात-आठ माणसे होती. आदल्या दिवशी गर्दीच्या पावलांत ओसरीचा आवाज नीट ऐकूच आला नव्हता; आता प्रत्येक पावलाला बारीक चिवचिवाट उठत होता. रोजूंच्या खोलीसमोर त्या बर्फातल्या बगळ्याकडे बघत मी वीस मिनिटे उभा होतो आणि कोणी पुढे चला म्हणाले नाही.