शाळेतल्या ‘लोगो स्पर्धे’तून मुलांची डिझाइन्स लाटली गेली, सावध राहा

शाळांमध्ये करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम भरवणाऱ्या एका संस्थेने मला व्याख्यानाला बोलावलं आणि त्या व्याख्यानाच्या आडून मुलांची डिझाइन्स हडप केली. पालकांकडून पैसेही घेतले. असाच कार्यक्रम दुसऱ्या शाळांत घेतला जाऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

विषय माझ्या आवडीचा होता : फ्रीलान्स डिझायनर म्हणून काम करणं म्हणजे नेमकं काय. मुलं वरच्या वर्गांतली. मी त्यांना ब्रीफ, म्हणजे क्लायंटला नेमकं काय हवंय, हे कसं समजून घ्यायचं, अ‍ॅडव्हान्स का मागायचा, किती वेळा बदल करून देणार हे आधीच का लिहून घ्यायचं, काम नसलेले महिने कसे काढायचे, असं सगळं सांगितलं. मुलांचे प्रश्न नेमके होते. एका मुलीने विचारलं, “क्लायंटला डिझाइन आवडलं नाही, तरी पैसे मिळतात का?” अनेक वर्षं धंद्यात असलेले लोकही हा प्रश्न वेळेवर विचारत नाहीत.

तिला उत्तर देताना मी नायकेच्या चिन्हाची गोष्ट सांगितली. 1971 साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ते काढलं आणि 35 डॉलर घेतले. पुढे 1983 मध्ये कंपनीने तिला शेअर्सही दिले. रक्कम लहान होती हे खरं, पण विद्यार्थिनी असूनही तिने तासांचा हिशोब लावून बिल दिलं होतं. मला मुलांच्या मनावर तेवढंच ठसवायचं होतं.

माझं बोलणं संपताच संस्थेच्या समन्वयकाने माइक घेतला. “तुमच्यातूनच उद्याची कॅरोलिन घडणार,” म्हणत त्याने स्पर्धा जाहीर केली. एका प्रायोजकासाठी लोगो, पोस्टर आणि वेष्टनाचं डिझाइन करायचं. बक्षीस म्हणून प्रमाणपत्र आणि ऑनलाइन इंटर्नशिप. परीक्षक म्हणून माझं नाव पडद्यावर झळकत होतं. मला याची काहीच कल्पना नव्हती. बाहेर आल्यावर जाब विचारला, तर म्हणाला, “मॅडम, नुसतं नाव आहे, निवड आम्हीच करू.” माझं नाव काढा, असं मी त्याच दिवशी ईमेलने कळवलं. त्याचा होकारही आला. नाव मात्र तसंच राहिलं.

पुढचा प्रकार शाळेच्या कलाशिक्षिकांच्या फोनमुळे कळला. एका मुलाला आपण काढलेलं चिन्ह तयार लोगो विकणाऱ्या एका साइटवर दिसलं होतं. फक्त रंग बदलला होता. बाईंनी शोध घेतला तेव्हा आणखी मुलांची कामं सापडली. स्पर्धेचा निकाल कधी लागलाच नव्हता. ‘अंतिम फेरीत निवड झाली’ असं बहुतेक सगळ्यांनाच कळवलं होतं आणि त्या फेरीआधी माझं मार्गदर्शन मिळेल, असं सांगून पालकांकडून शुल्क घेतलं होतं. मी असं कोणतंही मार्गदर्शन केलेलं नाही आणि करणारही नव्हते.

मग मी प्रवेशअर्ज मागवून वाचला. स्पर्धेसाठी त्यांनी मूळ फाईल मागितली होती, व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेली) आणि सगळ्या लेयर्ससह, म्हणजे डिझाइनचे सुटे थर शाबूत ठेवून. चित्र चांगलं की वाईट हे ठरवायला साधी छोटी प्रतिमा पुरते. 800 पिक्सेल रुंदीचं चित्र पडद्यावर व्यवस्थित दिसतं, पण 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापलं तर जेमतेम सात सेंटिमीटरचं होतं, म्हणजे विकायला फारसं उपयोगी नाही. मूळ व्हेक्टर फाईल मात्र हवी तेवढी मोठी करता येते आणि तिचा रंग, आकार मिनिटभरात बदलतो. निकालाआधीच सगळ्यांकडून मूळ फाईल मागणाऱ्याला परीक्षण करायचं नसतं, त्याला माल हवा असतो.

दुसरी अट शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत : ‘प्रवेशिका सादर होताच तिचे सर्व हक्क आयोजकांकडे जातील.’ अट फक्त विजेत्या कामापुरती नव्हती, आलेल्या प्रत्येक कामाला लागू होती. 1886 च्या बर्न कराराने, ज्यात आज जगातले बहुतेक देश आहेत, कलाकृतीचा हक्क ती घडताच निर्मात्याला मिळतो. नोंदणी लागत नाही. निर्माता शाळकरी मूल असलं तरी हक्क त्याचाच. म्हणूनच हे लोक अर्जावर सही घेतात. व्यावसायिक डिझायनरांच्या संघटना फुकटात कामं मागवणाऱ्या अशा स्पर्धांना वर्षानुवर्षं विरोध करत आल्या आहेत. अमेरिकेतली, 1914 साली स्थापन झालेली एआयजीए ही त्यांपैकीच एक. तोच डाव इथे मुलांवर खेळला गेला याची मला फार चीड आहे. बाजारात पाऊल ठेवण्याआधीच या मुलांना ‘तुझ्या कामाला किंमत नाही’ हा धडा मिळाला.

सध्या आम्ही मुलांच्या मूळ फाईल तारखांसह गोळा करतो आहोत आणि विक्रीच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवतो आहोत. साइटकडे तक्रार हक्कधारकाने किंवा त्याच्या वतीने अधिकार असलेल्यानेच करावी लागते, म्हणून ती शाळेच्या नव्हे, पालकांच्या सहीने जाते. काही डिझाइन्स साइटवरून काढली गेली आहेत, काही अजून विक्रीला आहेत. ज्यांनी कार्डाने शुल्क भरलं त्यांनी बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध लगेच वाद (डिस्प्यूट) नोंदवा; त्याला मुदत असते आणि ती टळली की बँक फारसं काही करू शकत नाही.

शाळांना विनंती : पाहुण्याचं व्याख्यान आणि स्पर्धा एकत्र आली, तर आधी प्रवेशअर्ज शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि पाहुण्याला स्वतः फोन करून विचारा की परीक्षक म्हणून त्याची संमती आहे का. डिझायनर मित्रांनो, निमंत्रण स्वीकारतानाच ‘माझं नाव व्याख्यानाखेरीज कुठेही वापरायचं नाही’ हे ईमेलमध्ये लिहा आणि त्याची प्रत मुख्याध्यापकांनाही पाठवा. माझं नाव असलेलं ते पोस्टर अजून फिरतंय. ते दिसलं, तर कृपया पालकांना सांगा की त्या स्पर्धेशी माझा काहीही संबंध नाही.