जेट स्कीच्या ट्रेलरला मागचा हूक लावला आणि साडेचौदा हजारांना गंडलो

देवबागला माझी एकच जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, आहे. मोठा धंदा नाही. मी आणि मेहुणा मिळून चालवतो, पावसाळ्यात सगळं बंद. ती पाण्यात सोडायला-काढायला मुंबईहून जुना ट्रेलर आणलेला, एका ॲक्सलचा, मूळचा गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर चढवलेला. खाऱ्या हवेत इतकी वर्षं काढून त्याच्या चौकटीवर गंजाचा ठिपका नव्हता.

गेल्या दिवाळीच्या आधी डोक्यात आलं की ट्रेलरच्या शेपटीला एक चौकोनी सॉकेट बसवून घ्यावं. त्यात काढता-घालता येणारं कॅरियर अडकवायचं आणि घडी केलेली बनाना (जेट स्कीमागे ओढायची फुगवायची बोट), जॅकेटांची गोणी त्यावर टाकायची. ट्रेलर मऊ वाळूत रुतला तर मागून ओढायलाही तोच हूक. आमच्याकडे असल्या सगळ्याला ‘हूक’च म्हणतात.

हायवेलगतच्या एका फॅब्रिकेटरचं नाव कोणीतरी सुचवलं. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. चकचकीत काम, पत्र्यावर असतात तसे जस्ताचे फुलोरे. मी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. माझ्या चौकटीवर वेल्डिंग नको, प्लेटी लावून बोल्टांनी आवळायचं. आणि माल हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला हवा, सॉकेटची जाडी पाच एमएम. तो म्हणाला, “भाऊनु, काय एक टेन्शन घेव नकात. हॉट डिप करून देतंय, धा वर्सां गंज धरूचो नाय.” साडेचौदा हजार ठरले. आठ हजार ॲडव्हान्स, तेही त्याच्या बायकोच्या नावाच्या खात्यावर. पावती म्हणून वहीचं पान फाडून दिलं. त्यावर लिहिलं होतं ‘हूक काम’, आणि खाली रक्कम. दोनच शब्द. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

सकाळी देतो म्हणालेला ट्रेलर रात्री साडेआठला मिळाला, पडवीच्या बल्बखाली. काम चंदेरी, गुळगुळीत. मी खिशातून लोहचुंबक काढून लावला, चिकटला, आणि समाधानाने उरलेले साडेसहा हजार दिले. आता आठवलं की हसू येतं. चुंबक चालतो स्टेनलेस ओळखायला. जस्त चढवलेलं लोखंड आणि रंग मारलेलं लोखंड, चुंबकाला दोन्ही सारखीच. बोल्ट चार दिसत होते, तेही मोजले. सॉकेटच्या तोंडाशी जाडी बघितली, चांगली भरली.

खरं बघायला हवं होतं ते भोक. हॉट डिप म्हणजे साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या वितळत्या जस्तात अख्खा जिन्नस बुडवतात. पोकळ पाईप असेल तर त्याला हवा जायला आणि जस्त निथळायला भोकं पाडावीच लागतात, नाहीतर आत कोंडलेली हवा आणि ओल तापून पाईप फुटतो. माझ्या हूकचा आडवा पाईप दोन्ही टोकांनी पट्टी मारून बंद, टाचणीएवढंही भोक नाही. असा पाईप जस्ताच्या कढईत कोणी घातलेलाच नसतो. हे कळायला शाळा लागत नाही, पण मला कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिसऱ्याच फेरीला ट्रेलर झुलायला लागला. आरशात बघावं तर शेपूट डावी-उजवी. तारकर्लीच्या रस्त्यावर एका उंचवट्यावर धाडकन आवाज आला आणि कॅरियर रस्त्याला घासत ठिणग्या उडायला लागल्या. मागे स्कूटरवर नवरा-बायको आणि मधे पोर. त्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून बरं.

तुटलेला हूक मी मालवणातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेला. त्यांनी आधी नखाने आणि मग पटाशीने खरवडलं. चंदेरी पापुद्रा निघाला, खाली काळं लोखंड. पत्र्याच्या डब्यातला ॲल्युमिनियम रंग, बस्स. मग ग्राइंडरने सॉकेट आडवं कापलं. तोंडाशी जाड कडं वेल्ड केलेलं होतं, मी मोजली ती त्याची जाडी. कडं असणं चुकीचं नाही, चांगल्या सॉकेटलाही असतं. पण त्याच्या मागे पाईप जेमतेम दोन एमएम. आणि ते चार बोल्ट? ते फक्त दाखवायला. प्लेट आतल्या बाजूने माझ्या चौकटीला सरळ वेल्ड केली होती, जस्त न घासता. मेस्त्रींनी तुटलेला सांधा माझ्यासमोर धरला. “घावन्याक जाळी पडता ना, तशी पडली हा बघ. जस्तार वेल्डिंग धरणा नाय, आदी घासून काढूचा लागता.” खरंच घावनाच होता, भोकंच भोकं. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते आणि ती सांध्यात अडकते. माझी मूळ चौकटही त्या जागी जळून उघडी पडली. महिनाभरात तिथे तांबूस सुरुवात झालीच. हूकचे पैसे गेले त्यापेक्षा हे जास्त लागलं.

एक चूक मात्र माझी, ती फॅब्रिकेटरच्या माथी मारत नाही. भरलेली जेट स्की साधारण 370 किलो, ट्रेलर 150. अशा ओझ्याचा निदान दहावा हिस्सा, म्हणजे 52 किलो, पुढे बॉलवर (ओढणाऱ्या गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) दाबून बसायला हवा. मी ॲक्सलच्या मागे पावणेदोन-दोन मीटरवर हूक, कॅरियर आणि सामान मिळून 60 किलो टांगले. त्या बॉलवर बसणारं ट्रेलरचं नाक, म्हणजे कपलर, ॲक्सलपासून तीन मीटर पुढे. ही तरफ धरली तर नाकावरचं 36 किलो उचललं गेलं, उरले सोळा. ट्रेलर झुलणार नाही तर काय? आता विंचचा खांब, ज्याला जेट स्कीचं तोंड टेकतं, पुढे सरकवलाय आणि नाकाखाली बाथरूमचा वजनकाटा ठेवून बघतो. पण शेपूट हलली तरी हूक तुटायला नको होता. तो तुटला त्याच्या कामामुळे.

त्याला फोन केला तर आधी, “तुमी लोड जास्त घातलात.” मग, “पावतीर हॉट डिप खय लिवला हा?” खरंच कुठे लिहिलं नव्हतं. त्याने तीन हजार परत पाठवले आणि माझा नंबर ब्लॉक केला.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली. मला वाटत होतं धंद्याची वस्तू म्हणून आपण ग्राहक ठरणारच नाही. पण 2019 च्या कायद्यात, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वापरलं तर ग्राहक धरतात. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. कापलेलं सॉकेट, मेस्त्रींनी लिहून दिलेला कागद, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, सगळं एका पिशवीत बांधून ठेवलंय. अडचण त्या दोन शब्दांचीच आहे.

गेल्या आठवड्यात मेहुण्याच्या फोनवर त्या फॅब्रिकेटरचं स्टेटस दिसलं. ‘हॉट डिप हूक, दहा वर्षं गॅरंटी’, खाली फोटो. ट्रेलरच्या डाव्या फळीवरचं निळं कार्पेट कोपऱ्यात फाटलेलं, त्यावर मी पिवळ्या नायलॉन दोरीने टाके घातलेले. तो फोटो कोणाला दाखवला गेला, तर तो ट्रेलर माझा आहे.