प्रे ॲज यू गो : आधी मागणं, मग सोपवणं

ब्रिटनमधल्या जेज्वीट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांनी २००६ साली सुरू केलेली ही ऑडिओ प्रार्थना आता ॲपवर मिळते. पैसे लागत नाहीत, मध्येच जाहिराती येत नाहीत. रोजचा भाग दहा-बारा मिनिटांचा असतो. आधी घंटा, मग एखादं गीत, मग बायबलमधला उतारा, त्यावर दोन-तीन प्रश्न, तोच उतारा पुन्हा एकदा आणि शेवटी पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव. वसई रोडला गाडीत शिरून कानात बोंड्या घातल्या की भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत उतारा दुसऱ्यांदा लागलेला असतो. अंधेरीला बँकेत पोचेपर्यंत त्यातला प्रश्न डोक्यात फिरत राहतो.

प्रार्थनेची ॲपं ढीगभर आहेत. मी याच्यावर लिहितेय त्याचं कारण आईचं आजारपण. तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात सावरला, पण वाचा गेली. आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारी बाई ती. संध्याकाळची रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, तीच सांगायची, आम्ही मागून म्हणायचो. आता ती बोटांनी मणी पुढे सरकवते, ओठ हलतात, आवाज येत नाही. मधेच एखाद्या मण्यावर अडते, माझ्याकडे बघते आणि मी ‘नमो मरिये’ सुरू केलं की पुन्हा बोट पुढे जातं.

अशा घरी माणसं येतात आणि प्रेमानेच सांगतात, ‘देवाची इच्छा, आता त्याच्यावर सोड.’ त्यांच्या बोलण्यात खोट नसते, पण ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं. रडायची, भांडायची, मागायची सोयच राहत नाही. देवाच्या इच्छेला शरण जाणं म्हणजे आपल्याला काही हवंच नाही असं दाखवणं, असा समज आमच्याकडे पक्का बसलाय. तो समज या ॲपने माझ्यापुरता तरी मोडीत काढला.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात गेथशेमाने बागेचा, अटक होण्याआधी येशू प्रार्थना करतो तो उतारा होता. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायातला हा प्रसंग लहानपणापासून दरवर्षी ऐकलेला. इथे मात्र वाचन झाल्यावर गाडी लगेच ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’वर नेली नाही. त्या रात्री येशूला नेमकं काय हवं होतं ते बघा, आणि तुम्हाला आज काय हवंय ते त्याच्या शेजारी बसून सांगा, अशा अर्थाचा प्रश्न आला. मग थोडी शांतता. मी तिथे, बायकांच्या डब्यात उभ्याने, मनातल्या मनात स्वच्छ सांगितलं: आईची वाचा परत दे. दुसऱ्यांदा उतारा लागला तेव्हा लक्ष गेलं ते क्रमाकडे. ‘होईल तर हा प्याला (म्हणजे समोरचं दुःख) माझ्यावरून टळून जावो’ हे आधी येतं, आणि ‘तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ त्यानंतर. शिवाय तो एकदा म्हणून मोकळा झालेला नाही. शिष्य झोपलेत, तो परत जातो, पुन्हा तेच मागतो. तीनदा. देवाच्या पुत्रालाही सोपवायला इतका वेळ लागला, तर आपण पहिल्या दमात ‘तुझी इच्छा’ म्हणून टाकायची घाई कशाला करायची?

हे ॲप बनवणाऱ्यांच्या घरातच हे शिक्षण आहे. जेज्वीट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस हे मूळचे शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि आयुष्याची दिशाच फिरली. पुढे त्यांनी मनाशी घेतलं की जेरुसलेमला जाऊन तिथेच राहायचं. १५२३ मध्ये पोचलेही, पण तिथल्या फ्रान्सिस्कन धर्मसंघाच्या वरिष्ठांनी राहू दिलं नाही, परत पाठवलं. सोबती जमल्यावर पुन्हा तोच बेत. १५३७ मध्ये सगळे व्हेनिसला जमून जहाजाची वाट बघत बसले, तुर्कांशी लढाई जुंपली आणि जहाज काही सुटलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःला पोपच्या हवाली केलं. त्या हवाली करण्याचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. भारतात यायचे होते त्यांच्या सोबत्यांपैकी निकोलस बोबादिया. ते आजारी पडले म्हणून १५४० मध्ये ऐन वेळी दुसरे सोबती फ्रान्सिस झेवियर निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरले. आमच्या वसईलाही त्यांचे पाय लागलेले आहेत.

इग्नेशियसांची ‘घे, प्रभू, आणि स्वीकार’ ही प्रार्थना, ज्यात माणूस आपलं स्वातंत्र्य, स्मृती, समज आणि इच्छा देवाला देऊन टाकतो, ती त्यांच्या आध्यात्मिक साधनेत पहिल्या दिवशी येत नाही. चार टप्प्यांची साधना, पूर्ण केली तर साधारण महिनाभराची, आणि ही प्रार्थना तिच्या अखेरीस. आधी स्वतःकडे बघायचं, येशूच्या सोबत चालायचं, त्याचं दुःख बघायचं, मग द्यायचं. ॲपमधला रोजचा तुकडा त्याच वळणाचा आहे, म्हणून तो मला पटतो.

याच्या उलट व्हॉट्सॲपवर फिरणारे नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे मेसेज. नेपल्सचे फादर दोलिंदो रुओतोलो (१८८२–१९७०) यांचा शरणागतीचा नोव्हेना फार सुंदर आहे. नऊ दिवस, रोज येशूला ‘तूच सगळं बघ’ असं दहा वेळा म्हणायचं. पण आमच्या ग्रुपवर तो आला तो ‘नवव्या दिवशी चमत्कार, अकरा जणांना पाठवा’ अशी शेपटी लावून. मग शरण जाणं कुठे राहिलं? तो सौदा झाला. या ॲपमध्ये असलं आमिष कुठेही नाही, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू मी मानते.

आता उणिवा. पहिली आणि मोठी म्हणजे भाषा. फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये अशाच धर्तीच्या प्रार्थना आहेत, मराठीत नाही. ब्रिटिश उच्चार कानाला बसायला वेळ लागतो, आणि समजलं तरी माझं मन मराठीतच बोलतं. म्हणून मी निघण्याआधी चहा उकळेपर्यंत तोच उतारा मराठी बायबलमध्ये वाचून घेते. आईला तर इंग्रजीचा काहीच उपयोग नाही. तिच्यासाठी मी उतारा मोठ्याने वाचते, ॲपमधला प्रश्न मराठीत विचारते आणि थांबते. वसई धर्मप्रांतात चांगले वाचणारे, लिहिणारे, गाणारे इतके लोक आहेत. आपल्या आवाजात, आपल्या गीतांसह असं काही निघायलाच हवं. आपल्या आजाऱ्यांना ते हवंय.

दुसरी उणीव, प्रश्नानंतरची शांतता तोकडी आहे. मनातलं वर यायला लागतं तोच संगीत सुरू होतं. तिथे सरळ पॉज दाबावं. गीतांची निवड कधी फार परकी वाटते, पण ती बाब किरकोळ.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण विचारलं जातं. आईची स्पीच थेरपी चालू आहे आणि चालूच राहणार. देवावर सोपवलं म्हणून गोळ्या, व्यायाम, डॉक्टर सोडायचे नसतात. वाचा अजून आलेली नाही. मी रोज मागते, आणि मागून झाल्यावर त्याच्या हातात देते. काही दिवस देणं जमतं, काही दिवस नुसतं मागणंच होतं. तेही त्याला चालत असावं, असं मला वाटतं.

घरात आजारपण असलेल्यांनी जरूर वापरून बघा. रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवा, नायगावनंतर नेटवर्क दगा देतं. एकदम सगळं ऐकू नका, ॲपमध्ये रिट्रीट (काही दिवसांची एकांत साधना) वगैरे भरपूर साठा आहे, तो सुट्टीसाठी ठेवा. इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजातल्या भाचीला, नातवाला शेजारी बसवा आणि प्रश्न तेवढे मराठीत सांगायला लावा. पाचपैकी चार तारे. पाचवा मराठी आवृत्ती येईल तेव्हा.