जिप्सम बोर्डाचा 18 मिमी कटर: हिवाळा, उन्हाळा आणि पहिल्या पावसानंतरचा अनुभव

कापताना पाते मागे सरकू लागले, दुकानदारांनी हात वर केले आणि कंपनीने “ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही” असे दोन ओळींत कळवले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कटर एका नावाजलेल्या कंपनीचा, धातूच्या बॉडीचा, 18 मिमी रुंदीच्या, तुकडे मोडत वापरायच्या पात्याचा आणि अंगठ्याने सरकवायच्या, आपोआप अडकणाऱ्या लॉकचा आहे. बाकीची माहिती डब्यावर छापलेली असतेच, ती येथे पुन्हा देत नाही.

आमचे फॉल सीलिंगचे काम जळगाव, भुसावळ आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात चालते. उन्हाळ्यात वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खोलीत सोडत राहतो, त्यामुळे नवे घर बांधणारा माणूस हल्ली शोभेइतकाच गारव्यासाठीही जिप्समचे सीलिंग करून घेतो. कामे वाढली तसे प्लास्टिकचे स्वस्त कटर पुरेनासे झाले. त्यांची बॉडी जोर दिला की पिळवटते, पाते खोबणीत डुलते आणि रेघ भरकटते. त्यांच्या कितीतरी पट पैसे मोजून हा कटर घेतला तो या एका कारणासाठी. या बाबतीत त्याने निराशा केली नाही. पाते खोबणीत घट्ट बसते, पकड हाताला भरून येते आणि लांब गुण्या (काटकोनी पट्टी) लावून ओढलेली रेघ बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. हिवाळाभर माझे मत असे होते की जिप्समच्या कामासाठी यापेक्षा चांगला कटर बाजारात शोधण्याची गरज नाही.

मेमध्ये त्या मताला पहिला धक्का बसला. भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला की तळहाताला सतत घाम असतो आणि या कटरचे लॉक म्हणजे धातूची एक गुळगुळीत, उथळ दात्यांची पट्टी आहे. ओल्या अंगठ्याने ती नीट पुढे सरकत नाही, आणि सरकली तरी शेवटच्या खाचेत अडकली की नाही हे बोटाला कळत नाही. तरीही तोपर्यंत ही तक्रार सोयीपुरती होती. खरा दोष पावसाळ्याच्या तोंडावर दिसला. यावलकडच्या एका घरी काम चालू असताना आमचे मिस्त्री हातातला कटर माझ्यापुढे धरून म्हणाले, “भाऊ, हाई पातं मांगे सरकस.” मी लॉक लावून पात्याचे टोक लाकडाच्या ठोकळ्यावर दाबून पाहिले. पाते खरोखरच दोन खाचा मागे गेले.

पाते मागे सरकणे ही किरकोळ गोष्ट का नाही, हे बोर्ड कसा कापतात ते पाहिले की समजते. 12.5 मिमी जाडीचा, 6 बाय 4 फुटांचा बोर्ड 18 ते 20 किलोंचा असतो, पण त्याचा गाभा अतिशय मऊ असतो. जिप्समची कठिणता मोह्सच्या मापात 2 आहे, म्हणजे नखानेही त्यावर ओरखडा उठतो. त्यामुळे बोर्ड आरपार कापायचाच नसतो. पुढचा कागद आणि त्याखालचा थोडा गाभा एका-दोन फटक्यांत चिरायचा, चिरलेल्या रेघेवरून बोर्ड मागच्या बाजूला मोडायचा आणि शेवटी मागचा कागद घडीत पाते घालून सोडवायचा. या सगळ्यात जोर फार कमी लागतो. मात्र पाते बोथट असेल किंवा लॉक धरत नसेल तर हात नकळत जोर वाढवतो, पाते अर्ध्या रेघेत मागे जाते, कटरचे नाक गुण्याच्या कडेवर चढते आणि गुण्या दाबून धरलेला डावा हात नेमका त्याच वाटेवर असतो. एकदा पाते अशा रीतीने घसरले आणि डाव्या हातातल्या जाड मोज्यावर निभावले. त्यानंतर तो कटर मी कामावरून बाजूला काढला.

कंपनीशी झालेला पत्रव्यवहार येथेच सांगतो. जळगावच्या दुकानदारांनी पावती पाहून कंपनीकडे लिहायला सांगितले, आणि दुरुस्ती केंद्राचे उत्तर वर दिलेलेच होते. पाते झिजणारे आहे हे मला मान्य आहे, कारण ते तुकडे मोडून संपवण्यासाठीच बनवलेले असते. पण लॉक हा बॉडीचा भाग आहे आणि बॉडीवर वॉरंटी छापलेली आहे. या मुद्द्यावर त्यांनी पुढे उत्तर दिले नाही, फक्त नव्या कटरवर सवलत देऊ केली. ती मी घेतली नाही. जो भाग हातावर बेततो, त्याची जबाबदारी सवलतीच्या कूपनात मिटवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक मी जवळ ठेवला आहे, आणि कोणाचा कटर वॉरंटीच्या काळात असाच बिघडला तर त्यांनीही पावती फेकू नये.

दरम्यान दुकानदारांनी शिवणयंत्राचे तेल सोडायचा सल्ला दिला होता. त्याने एक दिवस बरे वाटले आणि दुसऱ्या दिवशी लॉक आणखी ढिले झाले, कारण तेलावर बोर्डाची भुकटी बसून खोबणीत लगदा तयार झाला. शिवाय तेलाचे डाग बोर्डाच्या कागदावर उतरतात आणि त्या ठिकाणी जोडात भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, नीट धरत नाही. जिप्समवर चालणाऱ्या कटरला कुठलेही ओले तेल देऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

शेवटी लॉकची पट्टी बाहेर काढून उजेडात पाहिली, आणि येथून या कटरबद्दलचे माझे मत बरेच बदलले. खाचा झिजलेल्या नव्हत्या. त्या भरलेल्या होत्या, आणि ती मऊ भुकटी नव्हती, टाचणीनेही पटकन न निघणारा पांढरा कडक थर होता. याचे कारण आमच्या कामाच्या पद्धतीत आहे. जिप्सम म्हणजे स्फटिकात पाणी धरून असलेले कॅल्शियम सल्फेट, वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी. ते 150 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि जे उरते ते पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. त्या पीओपीत पुन्हा पाणी मिसळले की ते परत जिप्सम होऊन घट्ट बसते. बोर्डाची भुकटी आधीच जिप्सम झालेली असते, म्हणून ओली झाली तर नुसती चिकटते, वाळल्यावर ब्रशने निघते. पण ज्या घरात सीलिंग चालू असते त्याच घरात बहुतेक वेळा भिंतींवर पीओपीचे पनिंगही, म्हणजे भिंत गुळगुळीत करणारा पातळ थर देणेही, चालू असते. त्याची कोरडी पूड हवेतून खोबणीत जाते, मग हाताचा घाम आणि जूनची दमट हवा तिला पुरते. खाचेत ती दगडासारखी जमते, लॉकची जीभ पूर्ण खाली उतरत नाही, आणि वरून अडकल्यासारखे दिसणारे पाते दाब आला की सुटते.

कडक थर लाकडी काडीने आणि जुन्या टूथब्रशने खरवडून काढल्यावर लॉक पूर्वीसारखे धरू लागले. म्हणजे धातू खराब नाही, घडण खराब नाही. तरीही कंपनीला मी पूर्ण दोषमुक्त करू शकत नाही, कारण लॉकची पट्टी बाहेर काढण्यासाठी मागची टोपी उचकटावी लागते आणि ती इतकी घट्ट बसवलेली आहे की कामाच्या जागी कोणी ती रोज काढणार नाही. जिप्समसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कटरमध्ये खोबण साफ करण्याची सोपी वाट हवी होती, आणि माहितीपत्रकात “पीओपीच्या पुडीपासून दूर ठेवा, रोज कोरड्या ब्रशने झाडा” एवढी एक ओळ तरी हवी होती. ती ओळ असती तर पावसाळ्याच्या तोंडावर चालते काम थांबले नसते आणि मिस्त्रींच्या हाताला धोका झाला नसता.

आता आमच्याकडे रोजची रीत ठरली आहे. काम संपले की पाते आत घेऊन, कटरचे नाक खाली धरून, रंगाच्या बारीक कोरड्या ब्रशने खोबण झाडली जाते. तोंडाने फुंकर मारायची नाही, कारण ती पूड सरळ डोळ्यात येते. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पाते एक-दोन खाचा बाहेर काढून लाकडावर दाबून पाहतो. मागे सरकले तर तो कटर त्या दिवशी वापरायचा नाही, मग काम कितीही तातडीचे असो. पाते एक-दोन तुकड्यांपेक्षा जास्त बाहेर काढायचे नाही, हाही नियम लॉकइतकाच महत्त्वाचा आहे. लांब काढलेले पाते वाकते आणि रेघेच्या मध्येच तुटून उडते.

तुकडे मोडण्याच्या पात्याची कल्पना जपानमध्ये 1956 साली योशिओ ओकाडा यांनी आणली. फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वडीवरच्या मोडायच्या रेघा या दोन गोष्टींवरून त्यांना ती सुचली, असे सांगतात. 18 मिमीच्या पात्यावर साधारण 8 तुकडे असतात, म्हणजे एका पात्यात 8 नव्या धारा. आमच्याकडची कारागीर मंडळी काटकसरीच्या सवयीने एकच टोक दिवसभर चालवतात, आणि काटकसर मलाही आवडते, पण ही काटकसर महाग पडते. बोर्डाचा गाभा मऊ असला तरी त्याचा कागद, आणि काही बोर्डांत मिसळलेले काचतंतू, धार लवकर खातात. कागद कापला न जाता फाटू लागला, कडेला लव दिसू लागली, की टोक मोडायची वेळ झाली. मोडताना पक्कड वापरावी, डोळ्यांवर गॉगल असावा आणि टोक शरीरापासून बाहेरच्या दिशेला असावे. मोडलेले तुकडे झाकणाच्या जुन्या डब्यात जातात आणि डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून त्यावर लिहून देतो. उघडे पाते घंटागाडीत टाकले तर ते कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हातात जाते, आणि त्यांनी आपले काही बिघडवलेले नसते.

हातमोज्यांबद्दल आमच्या भागात नेहमी वाद होतो. उन्हात दोन्ही हातांत मोजे घालून कोणी काम करत नाही, आणि त्यासाठी नुसते रागावून उपयोग नाही. त्यामुळे मी निदान डाव्या, म्हणजे गुण्या धरणाऱ्या हातात कापरोधक मोजा सक्तीचा केला आहे. साधा सुती मोजा धारेपुढे टिकत नाही. याउलट दिव्यांची गोल भोके पाडताना ड्रिलला होल सॉ लावलेली असते, तेव्हा सैल मोजा काढून ठेवायचा, कारण फिरत्या दात्यात त्याचा धागा अडकला तर बोटही ओढले जाते. त्या वेळी गॉगल मात्र हवाच, कारण माणूस वर पाहत असतो आणि सगळी पूड तोंडावर पडते. धुळीसाठी रुमाल बांधणे पुरत नाही, आयएस 9473 प्रमाणे बनवलेला एफएफपी 2 दर्जाचा मास्क घ्यावा. जिप्समची धूळ डोळे, नाक आणि घसा चुरचुरवते, पण फायबर सिमेंटच्या बोर्डाची धूळ त्याहून फार वाईट, कारण तिच्यात सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. स्नानगृहासाठी तसा बोर्ड आला की हा कटर त्यावर चालवू नये. पाते चार फटक्यांत निकामी होते, आणि मग मिस्त्री ग्राइंडर काढतात, जो बंद खोलीत तर मुळीच चालवू नये.

याच कंपनीची टोकदार जिप्सम करवतही घेतली होती, स्विचबोर्डाच्या चौकोनी खाचा कापण्यासाठी. ती उत्तम आहे. दाते जाड आहेत, मूठ घट्ट आहे आणि तक्रारीला जागा नाही. फक्त ती बोर्डात खुपसण्यापूर्वी मागून वायर गेली आहे का ते पाहावे आणि मेन स्विच बंद करावा, कारण करवत गाभ्यातून पलीकडे किती गेली ते समोरून दिसत नाही. तिला म्यान मिळत नाही, म्हणून आम्ही जुन्या पाइपाचा तुकडा चढवून ठेवतो.

पावसाळ्यात दुसरा कटर घ्यावा लागला तेव्हा मी चाक फिरवून आवळायच्या लॉकचा घेतला. ते चाक घामाच्या बोटांनीही आवळते, खाचांवर अवलंबून राहत नाही आणि हाताने उघडून ब्रश फिरवता येतो. मात्र ते आवळायला विसरले तर पाते मोकळे राहते, म्हणून नव्या मुलाच्या हातात मी अजून जुना, आपोआप अडकणारा कटरच देतो, आणि सकाळची लाकडावरची परीक्षा त्याच्यासमोर मी स्वतः घेतो.