राजीनाम्यावर सही घेतात, मग एजंट येतो: निर्यात कारखान्यातून काम सुटलेल्यांची दुहेरी फसवणूक

27 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर, म्हणजे टॅरिफ, 50 टक्क्यांवर नेला. दागिने, तयार कपडे, टॉवेल, कोळंबी असा माल तिकडे पाठवणाऱ्यांच्या ऑर्डरी आटल्या आणि पाठोपाठ कामगारांना ‘उद्यापासून येऊ नका’ असे निरोप गेले. अशा कामगाराची फसवणूक दोनदा होते. एजंटाने खाल्लेले पैसे त्याला दिसतात. त्याआधी कारखान्याच्या ऑफिसात गेलेले दिसत नाहीत, आणि ते कितीतरी जास्त असतात.

शेवटच्या दिवशी टेबलावर तीन कागद एकत्र स्टेपल करून ठेवलेले असतात. वरचा हिशोबाचा. मधला ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ असा आधीच टाइप केलेला, तारखेची जागा मोकळी. खालचा ‘माझे कोणतेही येणे बाकी नाही’ असा. वर टाचणीला चेक. मधला कागद कोणी वाचत नाही, कारण नजर चेकवर असते.

समजा पगार 18,000 आणि नोकरी नऊ वर्षांची. मालकाने कामावरून कमी केले, म्हणजे कायद्याच्या भाषेत छाटणी केली, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार 18,000. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे 81,000. नवी औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. तिच्यात पुनर्कौशल्य निधी म्हणून आणखी 15 दिवसांचा पगार आहे, तो छाटणीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवा: 9,000. एकूण 1,08,000. राजीनाम्यावर सही झाली की कागदोपत्री यातले काहीच उरत नाही.

मग तो चेक कसला? बहुतेक वेळा ग्रॅच्युइटीचा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल, तर 13,000 ला 26 ने भागून 15 ने गुणायचे, म्हणजे 7,500; नऊ वर्षांचे 67,500. पाच वर्षे झाली की हे पैसे राजीनामा दिला तरी मिळतातच. तेच पुढे करून ‘कंपनीने माणुसकी म्हणून कॉम्पेन्सेशन दिलं’ असे सांगतात. चेकवरचा आकडा या हिशोबाशी जुळवून पाहा, लगेच कळेल.

दुसरा घाव ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, बसतो. मालक दर महिन्याला ऑनलाइन वर्गणी भरतो तेव्हा ज्याचे कामाचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारण निवडावे लागते. ‘लेफ्ट सर्व्हिस’ (नोकरी सोडली) निराळे, ‘रिट्रेंचमेंट’ (छाटणी) निराळे. 2005 पासून चालत आलेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत छाटणी किंवा कारखानाबंदीने काम गेलेल्याला पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के भत्ता आहे. ‘लेफ्ट सर्व्हिस’वाल्याला तो नाही. महिना नऊ हजारांच्या आसपासची रक्कम एका क्लिकने जाते आणि कामगाराला पत्ताही लागत नाही.

यानंतर एजंटाचा फोन येतो. काम सुटलेल्यांची यादी नंबरांसकट त्याच्याकडे कशी पोहोचते, ते ज्याचे त्याने ओळखावे. ढोबळ ठगाकडे ‘टॅरिफग्रस्त कामगार मदत’ असा फॉर्म आणि फाइल चार्जचा क्यूआर कोड असतो. अशी योजना नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने मंजूर केलेले 25,060 कोटींचे निर्यात प्रोत्साहन अभियान आणि 20,000 कोटींची कर्जहमी निर्यातदारांसाठी आहे. त्याच बातमीचे कात्रण ठग व्हॉट्सअॅपवर फिरवतात. परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्यांसाठी वेगळी योजना अमेरिकेत 1962 पासून होती, पण तिथेही 1 जुलै 2022 पासून नव्या अर्जांवर निर्णय बंद आहेत.

मुरलेला एजंट मात्र खरी योजना विकतो: ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. काम सुटल्यावर 30 दिवसांनी अर्ज करता येतो, सरासरी रोजंदारीच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आयुष्यात एकदाच. सरासरी काढताना मागच्या चार वर्गणी-काळांतली, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या चार टप्प्यांतली, कमाई 730 ने भागतात. 18,000 वाल्याची 4,32,000 भागिले 730 म्हणजे 591.78; निम्मे 295.89, 90 दिवसांचे 26,630. तीस टक्के ‘कमिशन’ म्हणजे आठ हजार गेले, तेही फुकट मिळणाऱ्या कामासाठी. ही योजना मुदतीवर चालते आणि मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात किंवा 1800-11-2526 वर ती चालू आहे का ते विचारा.

पात्रता स्वतः तपासता येते. दोन वर्षे विमा असलेली नोकरी हवी. काम सुटण्याआधीच्या लगतच्या वर्गणी-काळात 78 दिवस, आणि त्याआधीच्या तीनपैकी एकात 78 दिवस भरलेले हवेत. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. गैरवर्तनासाठी काढलेला, निवृत्त किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार यात बसत नाही.

‘साहेबांकडे फाइल अडकली, दोन हजार लागतील’ असे एजंट म्हणतो तेव्हा सहसा साहेब अडवत नसतो. नोकरी बदलताना नव्या मालकाने दुसरा विमा क्रमांक काढलेला असतो, वर्गणी दोन खात्यांत विभागते आणि 78 दिवस भरत नाहीत. किंवा आधारवरचे नाव जुळत नाही, किंवा बँक खाते जोडलेले नसते. या तिन्ही गोष्टी शाखा कार्यालयात आधार आणि पासबुक दाखवून निस्तराव्या लागतात. त्यासाठी एजंटाची गरज नाही. अर्ज पोर्टलवर भरून त्याची सही केलेली प्रिंट, आधार आणि पासबुकाची प्रत स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर पोचशिक्का घ्या.

एजंटाला खरे तर कमिशनपेक्षा ओटीपी हवा असतो. त्याने आपला मोबाइल नंबर किंवा खाते नोंदवले की पैसे तिकडे जातात, आणि लाभ आयुष्यात एकदाच असल्याने पुन्हा अर्जाची वाट उरत नाही. पीएफही त्याच्या हाती देऊ नका. पेन्शनचा भाग काढून घेतला की ती सेवा पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या मोजणीतून जाते. त्याऐवजी ती सेवा मोजणीत टिकवणारे स्कीम सर्टिफिकेट घेता येते.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि ईएसआय शाखेत नोंदवलेला नंबर व खाते तपासून घ्या.

राजीनाम्यावर सही होऊन गेली असेल तरी गप्प बसू नका. ‘राजीनामा मी स्वखुशीने दिलेला नाही’ असे पत्र त्याच आठवड्यात कंपनीला स्पीड पोस्टने पाठवा, प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या. ‘उद्यापासून येऊ नका’ हा व्हॉट्सअॅप निरोप पुसू नका. आणि सोबत काढलेल्यांचे राजीनामे एकत्र करा: एकाच तारखेचे, एकाच टायपातले, त्याच चुकीच्या स्पेलिंगचे पंधरा राजीनामे वैयक्तिक कारणास्तव दिले गेले, हे कंपनीला समजावून सांगणे जड जाते.