सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी वॉकर: पुढे ढकलायचा की मागे ओढत न्यायचा?

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल सांभाळणं कठीण जाणं) असलेलं लहान मूल आधाराने पावलं टाकू लागलं की हा प्रश्न येतोच. मोठ्यांचा असतो तसा, पुढे धरून ढकलायचा वॉकर ओळखीचा वाटतो. तो हलका असतो, घडी करून गाडीत पटकन ठेवता येतो, अरुंद जागेत वळवायला सोपा. पण स्नायू ताठ असलेलं मूल त्यावर पुढे झुकतं. हातांवर भार येतो, कंबर आणि गुडघे वाकलेलेच राहतात. ज्या वाकण्याविरुद्ध रोज व्यायाम करून घ्यायचे, त्याचीच सवय चालताना लागू शकते.

मागच्या वॉकरची चौकट पाठीमागे असते आणि दांडे दोन्ही बाजूंना. बरीच मुलं त्यात अधिक सरळ उभी राहतात. बऱ्याच मॉडेल्सची चाकं उलटी फिरत नाहीत, त्यामुळे वॉकर मागे घसरत नाही. मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की समोर काही आडवं येत नाही. मूल टेबलापर्यंत, खेळण्यापर्यंत, दुसऱ्या मुलांपर्यंत थेट पोहोचतं. चालण्याचा हेतू तोच तर असतो!

तोटे आहेतच. तो रुंद असतो, दारात अडकतो, वजनालाही जास्त. काही मुलं त्यावर मागे रेलून बसल्यासारखी उभी राहतात. अशांना पुढचाच बरा पडू शकतो.

माझा कौल मागच्याला. तरी विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टसमोर दोन्ही वापरून पाहा आणि दांड्यांची उंची त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मूल वाढेल तशी ती बदलावी लागते.